छपरावरचं ऊन

यंत्र थांबलं तेव्हा अर्मांदो बेटनकोर्ट सिंकपाशी उभा राहून कालच्या सुपाचं पातेलं घासत होता, आणि आधी त्याला वाटलं, आपल्याच कानाला काहीतरी झालं. गेली तीन वर्षं त्या घरात एक घरघर वस्तीला होती. बैठकीच्या कोपऱ्यातलं चाकांवरचं ते करड्या रंगाचं यंत्र हवेतला ऑक्सिजन वेगळा काढायचं, लांबलचक नळीतून इदालिनाच्या नाकापर्यंत पोचवायचं, आणि हे सगळं करताना म्हातारं कुत्रं घोरावं तसं घोरायचं. जेवताना ती घरघर, झोपताना ती घरघर, भांडायचं झालं तरी तिच्या वर आवाज चढवूनच भांडावं लागायचं, त्यामुळे हल्ली त्यांनी भांडणं सोडून दिली होती. ती थांबली तसं घर एकदम परक्याचं वाटायला लागलं. पुढच्या क्षणी यंत्राने एकसारखी शिट्टी मारायला सुरुवात केली. फ्रीज गप्प झाला होता, शेगडीवरच्या घड्याळातले आकडे पुसले गेले होते, आणि खिडकीबाहेर ऑक्टोबरची लख्ख, कोरडी दुपार होती. डोंगराकडून वारा सुटला होता. वीज कंपनीने कालच फोनवर कळवलं होतं: वारा वाढणार, तार तुटून रान पेटू नये म्हणून लाइन बंद करणार, एखाद-दोन दिवस, कदाचित जास्त. कॅलिफोर्नियातल्या सँटा रोझात आता याचं कुणाला नवल राहिलं नव्हतं. लोक बर्फ आणून ठेवतात, गाडीत पेट्रोल भरतात, कंपनीला शिव्या घालतात आणि मेणबत्त्या शोधतात. अर्मांदोने यातलं काहीच केलं नव्हतं. तो निरोप वाचून हसला होता. त्याच्या छपरावर सोलर होतं.

हात तसेच ओले घेऊन तो बैठकीत गेला. इदालिना खिडकीपाशी तिच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर क्रोशाचं अर्धवट काम होतं, आणि ती यंत्राकडे बघत होती, घाबरून नव्हे, उशिरा येणाऱ्या पाहुण्याकडे बघावं तशी. त्याने यंत्राचं बटण दाबून शिट्टी बंद केली, कपाटातून लोखंडी सिलिंडर ओढत आणला, नळी तिकडची इकडे लावली, चावी फिरवली. इतक्यानेच त्याला दम लागला. "येईल आत्ता," तो म्हणाला. "सोलर आहे ना. सुरू व्हायला जरा वेळ लागत असेल." तिने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. काट्याकडे बघायचं त्याने मुद्दाम टाळलं. हा सिलिंडर संध्याकाळपर्यंत जाईल, एवढं त्याला न बघताही माहीत होतं. कपाटात दुसरा नव्हता, हेही त्याला माहीत होतं, आणि तिला माहीत नव्हतं.

गॅरेजच्या भिंतीवर ती पांढरी पेटी होती. रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन तो या पेटीपुढे येऊन उभा राहायचा, जसे त्याचे वडील उठल्या उठल्या गोठ्यात जाऊन गाईंकडे बघून यायचे. पेटीवर एक हिरवा दिवा असायचा. आज दिवा लाल होता. अर्मांदोने खटका खाली ओढला, मनात काही आकडे म्हटले, खटका वर केला. आयुष्यभर दुधाचा टँकर चालवलेल्या माणसाला यंत्राशी बोलायची एवढी एकच भाषा येते: बंद कर, थांब, चालू कर. लाल ते लालच. तो मागे सरकून अंगणात आला आणि हात कपाळाशी धरून वर बघत राहिला. छपराच्या सबंध उतारावर पॅनेल्स पसरली होती, निळीकाळी, स्वच्छ, गेल्याच आठवड्यात त्याने शिडी लावून पाण्याने धुतलेली, आणि त्यांच्यावर इतकं ऊन पडलं होतं की डोळे मिटावे लागत होते. मानेला चटका बसत होता. सगळीकडे ऊनच ऊन होतं, फुकटचं, कुणाच्या बापाचं नसलेलं, आणि त्या उन्हाखाली त्याचं घर मेल्यासारखं पडलं होतं. त्याला राग यायला हवा होता. आला तो थकवा, आणि तोही असा की तिथेच पायरीवर बसून राहावंसं वाटलं.

सोलर घ्यायचं ठरलं तेव्हा मुद्दा विजेचा नव्हताच. म्हणजे बोलताना तो बिलाचंच बोलायचा, जुलैत एसी लावला की येणाऱ्या त्या बिलाचं, आणि ते खोटंही नव्हतं. पण मुद्दा डेल्फिनाच्या खोलीचा होता. त्यांची मुलगी वर ऑरेगनला, अॅस्टोरियात, समुद्राकाठी राहायची. यंत्र घरात आलं त्याच हिवाळ्यात तिने तळमजल्यावरची एक खोली रिकामी केली आणि फोनवर सांगितलं, आई-बाबा, आता इकडे या, इथे धूर नाही, आगी नाहीत, उन्हाळा तर नाहीच. इदालिना त्या फोननंतर दोन-चार दिवस गाणं गुणगुणत होती. अर्मांदोला त्या खोलीचा विचार आला तरी अंगावर ओलं फडकं पडल्यासारखं व्हायचं. बारा महिने पाऊस, मुलीच्या घरातलं जेवण मुलीच्या वेळेला, जावयाने हळू आवाजात लावलेला टीव्ही. इथे त्याचं घर होतं, त्याने स्वतः ओतलेलं अंगणातलं काँक्रीट होतं, रविवारी पोर्तुगीज हॉलमध्ये सोपाशचं जेवण होतं, मसाल्यात शिजून मऊ झालेलं मांस आणि खाली रश्शात भिजलेला पाव, आणि तिथे त्याला मांडो म्हणून हाक मारणारी माणसं अजून शिल्लक होती. नाही म्हणायला मात्र त्याच्याकडे कारण नव्हतं. मग सोलरवाला आला, आणि कारण मिळालं. पंचवीस वर्षांची हमी. हमीचा कागद त्याने इदालिनापुढे धरला तेव्हा ती म्हणाली होती, "हमी कुणाची, पत्र्याची की आपली?" आणि तो मोठ्याने हसला होता. हसण्यावारी नेलं की विषय संपतो, हे लग्न झालेल्या कुठल्याही पुरुषाला ठाऊक असतं.

बचतीतला मोठा भाग गेला. आधी छप्पर नवं करावं लागलं, कारण जुन्यावर नवं बसवत नाहीत. मग सावली पडते म्हणून मागच्या अक्रोडाच्या दोन फांद्या गेल्या, त्यातल्या एकीवर डेल्फिनाचा झोपाळा असायचा. उरलेल्याचं कर्ज झालं. पण पहिल्या उन्हाळ्यात बिल आलं ते जवळजवळ कोरं, आणि एसी दिवसभर चालू ठेवून इदालिना जुलैच्या दुपारी श्वास न अडकता झोपली, तेव्हा अर्मांदोला वाटलं की आपण आयुष्यात एक तरी शहाणपणाची गोष्ट केली. त्यानंतर त्याने त्या सोलरचा असा टेंभा मिरवला की विचारू नका. हॉलमध्ये जेवणाच्या पंगतीत तो लोकांना गाठून ऐकवायचा. रात्री जेवताना फोन काढून इदालिनाला आकडा वाचून दाखवायचा, आज सूर्याने इतकं दिलं, काल ढग होते म्हणून तितकं, आणि ती दर वेळी "छान" म्हणायची, पाव मोडता मोडता. शेजारच्या लीलंड प्राउटीला तर त्याने सोलर यायच्या आधीच, गेल्या वर्षी, तोंडावर सुनावलं होतं. लीलंडकडे पेट्रोलवर चालणारा जनरेटर होता. वीज गेली की तो तीन घरं हादरवायचा आणि त्याचा धूर कुंपणावरून इकडे यायचा. माझ्या बायकोची फुप्फुसं आहेत, तुझं ते डबडं बंद कर, असं अर्मांदो म्हणाला होता. लीलंडने जनरेटर अंगणाच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात नेला आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं पत्रपेटीपाशी मान हलवण्यापुरतं उरलं. यंदा सोलर आल्यावर अर्मांदोनेच कुंपणावरून त्याला म्हटलं होतं, पुढच्या वेळी तुझं हरणाचं मांस माझ्या फ्रीजमध्ये आणून ठेव, तुझं पेट्रोल वाचेल. आणि सिलिंडरवाल्याला फोन करून सांगितलं होतं की जास्तीचे सिलिंडर घेऊन जा, नुसती कपाटातली जागा अडवतात, एक ठेवा बाहेर जाण्यापुरता. तो माणूस "नक्की ना?" म्हणाला होता. अर्मांदोने त्यालाही पंचवीस वर्षांची हमी ऐकवली होती.

सोलर कंपनीच्या फोनवर बराच वेळ गिटार वाजत राहिली, आणि मग एक मुलगी आली, दमलेली, आज सकाळपासून हेच शंभर जणांना सांगत असावी. लाइन बंद असली की तुमचं सोलरही आपोआप बंद होतं, ती म्हणाली. बिघाड नाही, तसंच बनवलेलं आहे. तारेवर कुणी माणूस काम करत असला तर तुमच्या छपरावरून गेलेली वीज त्याला मारेल. पण मी माझ्याच घरात वापरतोय, अर्मांदो म्हणाला. मी कुणाला देत नाहीये. "तुमच्या घरात ती अशी वेगळी राहत नाही, मिस्टर बेटनकोर्ट. लाइनशी जोडलेली असते. बॅटरी घेतली असती तर घरापुरतं चाललं असतं." थोडं थांबून तिने विचारलं, "तुम्हाला हे सांगितलं होतं ना, घेताना?" अर्मांदोने छपराकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला, "सांगितलं होतं." वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी एका अनोळखी पोरीपुढे मूर्ख ठरायची त्याची तयारी नव्हती.

फोन खिशात टाकून तो गॅरेजच्या सावलीत उभा राहिला, आणि त्याला पेटालुमाजवळची वडिलांची डेअरी आठवली. वडील पोर्तुगालच्या तेर्सेइरा बेटावरून आले ते दुसऱ्याच्या गाई धुवायला, आणि मरायच्या आधी दोनशे गाईंचे मालक झाले. दोनशे गाई, आणि घरात दूध दुकानातलं, पुठ्ठ्याच्या डब्यातलं. लहानपणी अर्मांदोला याचं हसू यायचं. सगळं दूध नळीतून थंड टाकीत जायचं, टाकीतून टँकरमध्ये, टँकरमधून कारखान्यात, आणि तिथून डब्यात भरून परत त्यांच्याच टेबलावर, विकत. एका पुरात रस्ता वाहून गेला आणि टँकर आलाच नाही, तेव्हा वडिलांनी टाकीच्या टाकी गटारात सोडून दिली होती, आणि त्या संध्याकाळी आईने कॉफी काळीच वाढली होती, कारण दुकानही बंद होतं आणि टाकीतलं दूध घरात आणायची कुणाला सवयच नव्हती. पुढे तसाच टँकर त्याने सदतीस वर्षं चालवला. आपलं असं काही आपल्याकडे राहत नसतं, सगळं आधी मोठ्या टाकीत जातं, हे दुसऱ्या कुणाला नाही तरी त्याला कळायला हवं होतं. त्याने विचारलंच नव्हतं. ऊन आपल्या छपरावर पडतं म्हणजे ते आपलं, इतकं सोपं त्याने धरून घेतलं होतं, आणि त्या भरवशावर इदालिनाचा श्वास टांगून ठेवला होता.

आता काय करायचं, याचे दोन-तीन रस्ते त्याच्या डोक्यात आले आणि प्रत्येकापाशी तो थबकला. वीज कंपनीने शाळेच्या मैदानावर तंबू ठोकला होता. तिथे यंत्र घेऊन गेलं तर चालेल, पण दोन दिवस इदालिना त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, फोन चार्ज करायला आलेल्या पोरांच्या घोळक्यात, नाकात नळी घालून बसलेली त्याला दिसली. सिलिंडरवाल्याला फोन केला तर त्याने नाव लिहून घेतलं. सगळ्या गावाने आजच मागितले आहेत, उद्या दुपार धरा. इस्पितळ होतं. आणि कुंपणापलीकडे, अंगणाच्या दूरच्या कोपऱ्यातून, ते डबडं वाजत होतं. मघापासून वाजत असणार. त्याने ते ऐकू येऊ दिलं नव्हतं, एवढंच.

आत गेला तेव्हा इदालिनाने क्रोशाचं काम बाजूला ठेवलं होतं. ती सिलिंडरच्या काट्याकडे बघत होती. तिची बोटं नखांपाशी निळसर दिसत होती, की खिडकीच्या काचेमुळे तसं वाटत होतं, त्याला कळेना. तो तिच्या समोर स्टुलावर बसला. इतक्या शांततेत ते दोघं समोरासमोर किती दिवसांत बसले नव्हते. घरघर नसली की माणसाचा श्वास ऐकू येतो. तिचा येत होता, आखूड, मधेच अडखळून पुढे जाणारा, आणि तीन वर्षं हा आवाज आपण यंत्राच्या आवाजाखाली झाकून ठेवला होता, हे त्याला तेव्हा समजलं.

"चालणार नाही ते," तो म्हणाला. "सोलर. लाइन येईपर्यंत नाही."

"हं."

"आणि सिलिंडर हा एवढाच आहे. बाकीचे मी परत पाठवले. एप्रिलमध्ये. तुला सांगितलं नाही."

तिने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर भीती आली, अगदी क्षणभर, आणि त्याने ती पाहिली. यंत्र थांबलं तेव्हा ती घाबरली नव्हती, कारण तिच्या हिशेबात कपाटात चार सिलिंडर होते. एका वाक्यापुरता श्वास गोळा करायला तिला हल्ली वेळ लागायचा, म्हणून तो थांबला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "सिलिंडरचं नाही. सोलरचं."

मग तिने तुकड्यातुकड्याने सांगितलं. तो सोलरवाला, सर्दी झालेला, सारखा नाक पुसणारा, याच टेबलावर बसला होता आणि अर्मांदो जुनी बिलं शोधायला गॅरेजमध्ये गेला होता. त्या माणसाची नजर यंत्राकडे गेली. तो म्हणाला, बाई, हे असेल तर बॅटरी घ्या, लाइन गेली की नुसत्या पॅनेल्सचा उपयोग नाही. मी त्यांना सांगू का? इदालिना म्हणाली होती, मी सांगते.

"मग का नाही सांगितलंस?"

"तू बिलं घेऊन आलास आणि शीळ घालत होतास," ती म्हणाली. "हे यंत्र घरात आल्यापासून तू माझ्याशी नळीबद्दल सोडून काही बोलला नव्हतास, मांडो. नळी वाकलीय, नळी अडकलीय. त्या दिवशी जेवताना तू सूर्याबद्दल बोललास. तासभर." ती थांबली, श्वास घेतला. "बॅटरीचा आकडा ऐकला असतास तर तू सगळंच रद्द केलं असतंस, आणि परत त्या पिकअपमध्ये जाऊन बसला असतास."

हे खरं होतं. यंत्र आलं त्या हिवाळ्यात तो संध्याकाळी अंगणात उभ्या असलेल्या पिकअपमध्ये जाऊन बसायचा, गाडी चालू न करता, रेडिओ न लावता. तिला ते दिसत नाही असं त्याला वाटायचं. खिडकी तर समोरच होती.

"आणि," ती म्हणाली, "दुसरंही होतं. मला वाटलं, एक दिवस वीज जाईल, त्याला कळेल, मग आपण डेल्फिनाकडे जाऊ. सिलिंडर असतीलच. माझ्या जिवाला काही होणार नाही, तुझी जरा फजिती होईल, इतकंच." ती किंचित हसली. "मी तशी फार चांगली नाहीये."

अर्मांदोने आत कुठे संताप आहे का ते चाचपून पाहिलं. असायला हरकत नव्हती. इतके महिने रात्रीच्या जेवणाला तो आकडे वाचत होता आणि ती सगळं ठाऊक असून पाव मोडत "छान" म्हणत होती. पण संतापाच्या जागी त्याला नुसतं इतकंच जाणवत होतं की ती दमली आहे, तोही दमला आहे, आणि दोघांनी एकमेकांना सांभाळून घेण्याच्या नादात एकमेकांना जवळजवळ मारलं होतं. त्याने तिचा पाय हातात घेतला. मोज्यातूनही गार लागत होता. "बोलू नकोस आता," तो म्हणाला. "जपून वापर." मग उठून मागच्या दाराने बाहेर पडला, कारण आणखी थोडा वेळ बसला असता तर रडला असता, आणि रडण्यात सिलिंडरचा वेळ गेला असता.

कुंपणापाशी जाऊन त्याने हाक मारली. जनरेटरच्या आवाजात ती बुडाली. पुन्हा मारली, तेव्हा लीलंड प्राउटी कोपऱ्यातून आला, टोपी मागे ढकलत, बनियनवर. त्याने आधी अर्मांदोच्या तोंडाकडे पाहिलं, मग सावकाश त्याच्या छपराकडे, जिथून उसळणाऱ्या उन्हाने त्याचेही डोळे दिपले.

"काय मांडो, सूर्य मावळला का रे तुझा?" हे वाक्य त्याने त्या हरणाच्या मांसाच्या बोलण्यापासून जपून ठेवलं असणार, आणि त्याला ते म्हणायचा हक्क होता.

"इदाचं यंत्र बंद पडलंय," अर्मांदो म्हणाला. "एकच सिलिंडर आहे. मला तुझी वायर हवी आहे, लीलंड."

लीलंडचा चेहरा पडला. तो लगबगीने मागे गेला, आणि थोड्या वेळाने नारिंगी वायरचं भेंडोळं कुंपणावरून इकडे आलं. पलीकडून त्याचा आवाज आला की फ्रीझरचा प्लग काढलाय, मांसाचं काय ते होईल, आधी तिचं लाव. आणि पेट्रोल आहे, रात्रभर पुरेल, काळजी करू नको. धूर तिच्याकडे येतोय का तेवढं बघ, नाहीतर आणखी मागे सरकवतो. अर्मांदोने "नाही येत" म्हटलं. वायर उलगडत, गवतावरून, अक्रोडाच्या तोडलेल्या फांद्यांच्या खुंटांखालून, छपराच्या सावलीतून तो घराकडे चालत गेला. वायर मधेच त्याच्या पायात आली आणि तो पडता पडता वाचला.

यंत्र सुरू झालं. आधी एक उचकी, मग ती घरघर. त्याने नळी सिलिंडरवरून काढून परत यंत्राला लावली, सिलिंडरची चावी घट्ट बंद केली, काटा पाहिला. अर्ध्याच्याही खाली होता. इदालिनाने डोळे मिटून घेतले, आणि तिच्या खांद्यांना हळूहळू उतार आला. तो स्टुलावर बसून राहिला. दुपार कलली, वारा अक्रोडाची वाळकी पानं खिडकीवर आणून टाकत राहिला, ऊन सरकत सरकत छपरावरून उतरलं आणि अंगणात लांब होत गेलं. तो संध्याकाळचा स्वयंपाक करायला उठला नाही. पाव होता, चीज होतं, लिंग्विसा या पोर्तुगीज सॉसेजचे काल उरलेले दोन तुकडे होते, ते त्याने गारच ताटलीत घातले. दोघं खिडकीपाशीच जेवले.

"आज किती?" इदालिनाने विचारलं. आपण होऊन तिने कधी विचारलं नव्हतं.

त्याने फोन काढला नाही. "सकाळचं जे काय असेल ते," तो म्हणाला. "मग काही नाही."

"छान," ती म्हणाली, आणि दोघांनाही जरासं हसू आलं. हसण्याने तिला खोकला आला. तो संपेपर्यंत त्याने ताटली धरून ठेवली. कुंपणापलीकडे ते डबडं वाजत होतं, इकडे यंत्र घोरत होतं, आणि दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले होते, त्यामुळे कुठला कुठला ते आता सांगता आलं नसतं. छपरावर काहीच आवाज नव्हता. तिथे कधीच नसायचा. हमीची चोवीस वर्षं अजून बाकी होती. कुणीतरी घर घेईल, त्याच्या उपयोगी पडेल.

"डेल्फिनाच्या त्या खोलीला," त्याने विचारलं, "खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

तिने इतक्या पटकन उत्तर दिलं की हा प्रश्न तिने फार पूर्वीच विचारून ठेवला होता, हे त्याला कळलं.

"उत्तरेला," ती म्हणाली. "ऊन येत नाही."

"बरं," अर्मांदो म्हणाला, आणि तिच्यासाठी पाव मोडायला लागला.